माणगंगेची वाळू ब्रासात नको, लिटरात मोजा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
सातारा, सांगली आणि सोलापूर.

विषय : माणगंगेच्या पात्रातील वाळू आणि तिन्ही जिल्ह्यांचा एकच नदी-आराखडा.

महोदय,

स. न. वि. वि.

हे पत्र तिघांच्या नावे एकत्र लिहिण्याचं कारण नदीच तिघांत वाटली गेली आहे. माण तालुक्यात कुळकजाईजवळ सीतामाईच्या डोंगरात ती उगम पावते. दहिवडी, म्हसवड करत आटपाडी तालुक्याच्या कडेनं दिघंचीकडे येते, पुढं सांगोल्याचं रान कापत जाते आणि पंढरपूर तालुक्यात सरकोलीला भीमेत मिसळते. लांबी साधारण एकशे साठ-पासष्ट किलोमीटर. एवढी नदी सलग बघण्याची जबाबदारी तुमच्यापैकी एकाकडंही नाही. प्रत्येकाकडं तिचा एक तुकडा आहे आणि त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना तालुक्याची शीव आहे.

राजेवाडीचा तलाव घ्या. भिंत सांगली जिल्ह्यात, पाण्याचा फुगवटा सातारा जिल्ह्यात, आणि कालव्यावर भिजणारं रान सांगलीतलं अन् सोलापुरातलं. ब्रिटिशांनी तो बांधायला घेतला तेव्हा पाणलोट बघितला, जिल्ह्यांच्या रेषा बघितल्या नाहीत. आता उलटं झालंय.

सरकारी कागदात या नदीचं वर्णन ‘हंगामी’ असं येतं आणि बोलताना त्याचं ‘कोरडी’ होतं. कोरड्या नदीला काय जपायचं, असा त्यातला सूर असतो. मला तक्रार नेमकी याच समजुतीची करायची आहे.

आधी पाऊस समजून घेऊ. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणायचं. सह्याद्रीचा माथा ओलांडून आलेले ढग आषाढात आमच्या डोक्यावरून नुसते पळत असतात. वारं इतकं की ओल धरलेली जमीनही वाळावी. आमचा खरा पाऊस परतीचा, उत्तरा आणि हस्ताचा. तोही रोज थोडा थोडा येत नाही. दोन-चार मोठ्या सरी येतात, महादेवाच्या डोंगररांगांचे उघडे उतार ते पाणी अडवू शकत नाहीत, आणि तासा-दोन तासांत ओढे लालेलाल होऊन नदीत येतात. दोन दिवस नदी दोन्ही थड्या भरून जाते. आठवड्यानं गुडघाभर धार राहते. दिवाळी सरते तोवर वर काही दिसत नाही.

वर दिसत नाही, एवढंच. पुराचं पाणी पात्रातल्या वाळूत जिरतं आणि वाळूत ते महिनोन् महिने टिकतं. आमच्याकडचा खडक काळा, बेसाल्टचा. त्यात भेगा आणि वरचा मुरुमाचा थर सोडला तर पाण्याला जागा कमी. विहीर दहा परस खोल काढली तरी झरा लागेलच याची खात्री नसते. अशा मुलखात पाणी साठवायला सगळ्यात मोकळी, सगळ्यात सैल जागा कुठली असेल, तर ती नदीची वाळू. माणदेशात पूर्वी जमिनीखाली धान्याची पेवं असत. वरून सपाट जमीन, खाली पुढच्या वर्षाची बेगमी. नदीचं पात्रही तसंच एक पेव आहे आणि दर पावसाळ्यात ते फुकट भरलं जातं.

जुन्या माणसांना हे शिकवावं लागत नव्हतं. चैत्र-वैशाखात बायका पात्रात हातानं वाळू उकरून झिरा करत. हात-दीड हात खाली पाणी लागे, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकलं की निवळ पाणी वाटीनं घागरीत भरत. मेंढक्यांचे कळप पात्राच्या आधारानं सरकत. म्हसवडच्या सिद्धनाथाची यात्रा आजही पात्रात भरते. सीतामाईच्या डोंगरावर संक्रांतीला बाया ओवसायला जातात, ती जागाही नदीच्या उगमाचीच. काठावरच्या विहिरींना पाणी असे ते नदी वाहते म्हणून नव्हे, वाळू ओली असे म्हणून.

आता हिशेब. वाळूच्या एकूण आकारमानात तीस-पस्तीस टक्के पोकळी असते. त्यातलं सगळं पाणी सुटत नाही, काही कणांना चिकटून राहतं. उपसून घेता येईल असं साधारण वीस टक्के धरू. एक किलोमीटर लांब, शंभर मीटर रुंद आणि दोन मीटर खोल वाळूचा पट्टा धरला तर वाळू होते दोन लाख घनमीटर, आणि तिच्यातलं हाताला लागणारं पाणी चार कोटी लिटर. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी रोज पंचावन्न लिटरचं आहे. दोन हजार वस्तीच्या गावाला त्या हिशेबानं रोज एक लाख दहा हजार लिटर लागतात. म्हणजे त्या एका किलोमीटरच्या वाळूत गावाचं जवळजवळ वर्षाचं पिण्याचं पाणी मावतं. काही पाणी खाली वाहून जाईल, काही झाडं ओढतील, काही शेतीला उपसलं जाईल. निम्मं धरा. तरी सहा महिने झाले.

याच जागी उघडा तलाव केला तर? आमच्या भागात उघड्या पाण्याचं बाष्पीभवन वर्षाला दीड मीटरहून जास्त होतं. उथळ बंधाऱ्यातलं पाणी उन्हाळ्यात आपण वापरतो त्याहून जास्त सूर्य पितो. वाळूत मात्र पाण्याची पातळी दोन-तीन फूट खाली गेली की वरचा कोरडा थर झाकणाचं काम करतो आणि आटणं फार कमी होतं. केनियातल्या माचाकोस, कितुई या कोरड्या भागांत लोक हंगामी नद्यांवर मुद्दाम बुटक्या भिंती घालतात. पाण्यासाठी नव्हे, वाळू अडवण्यासाठी. भिंतीमागं वाळू साचते आणि वाळूत पाणी. ते जी वस्तू भिंती बांधून मिळवतात ती आपल्याला नदीनं बांधून दिली होती.

ती आपण ब्रासानं विकतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. वरच्याच हिशेबानं त्यात साडेपाचशे लिटर पाणी मावतं. वीस-बावीस ब्रास वाळू पात्रातून गेली की बारा हजार लिटरच्या एका टँकरची जागा गेली. आणि ती एकदाच जात नाही. दर पावसाळ्यात ती जागा भरली असती, आता दर उन्हाळ्यात तो टँकर विकत आणावा लागणार. तुमच्या एका टेबलावर वाळूच्या स्वामित्वधनाची (रॉयल्टीची) जमा दिसते, दुसऱ्या टेबलावर टंचाई आराखड्यातला टँकरचा खर्च. ही दोन टेबलं एकमेकांशी बोलत नाहीत. रात्री वाळूचा डंपर गावाबाहेर जातो, सकाळी त्याच रस्त्यानं पाण्याचा टँकर गावात येतो, यात कुणाला काही विचित्र वाटत नाही, याचंच मला नवल वाटतं.

वाळू पुन्हा येते, असं एक उत्तर नेहमी मिळतं. येते, पण कुठून? डोंगर झिजून ओढ्यांनी आणलेली वाळू आता वर आंधळीच्या धरणात अडते, पुढं राजेवाडीच्या तलावात अडते, त्याखाली कोल्हापूर पद्धतीच्या एकेका बंधाऱ्यामागं अडते. ही कामं चुकीची होती असं माझं म्हणणं नाही. पण त्यांच्या खालच्या अंगाला जी वाळू उरली आहे ती आता बहुतांश शिल्लक आहे, आवक नव्हे. सांगोल्याकडच्या पट्ट्यात ही गोष्ट सगळ्यात जास्त लागू आहे.

इथं थोडा इतिहास सांगतो, कारण दुष्काळ म्हटलं की माणदेश हा जणू काल-परवाच अडचणीत आलेला मुलूख आहे असं बोललं जातं. ही जुनी वसलेली नदी आहे. मानांक राजानं स्थापन केलेल्या सुरुवातीच्या राष्ट्रकूट घराण्याची राजधानी मानपूर होती. ते मानपूर म्हणजे आपलं माण, असं मत इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडलं. ते मान्य करा अगर करू नका, पण नुसत्या कोरड्या ओढ्याच्या काठावर राजधानी असावी, असं कुणी सुचवणारही नाही. दुर्गादेवीचा दुष्काळ लोकांच्या तोंडी अजून आहे. संगमापासून जवळच असलेल्या मंगळवेढ्यात दामाजीपंतांनी सरकारी कोठार उपाशी लोकांना खुलं केलं, ती कथा तर महाराष्ट्रभर सांगितली जाते.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळानं हा भाग खरवडून काढला. राजेवाडीचा तलाव त्याच दुष्काळातलं काम. खडी फोडणाऱ्या आणि माती वाहणाऱ्या हातांना मजुरी द्यायची म्हणून बांध घातला गेला आणि आज दीडशे वर्षं होत आली तरी तो उभा आहे. दुष्काळी काम म्हणजे रस्त्याकडेला चर खणणं असं समजणाऱ्यांनी तो एकदा चालत जाऊन पाहावा. पुढं लोकांनी आपापल्या वाटा काढल्या. कुणी मुंबईच्या गिरण्यांत गेलं. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यात शिरली आणि देशभरच्या सराफ पेठांत पोचली. खिलार बैल आणि मेंढरं राखणारे इथंच राहिले, ते नदीच्या आणि चाऱ्याच्या भरवशावर.

मग पाण्याची मागणी संघटित झाली. १९९३ मध्ये आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरली. सांगोल्याचे गणपतराव देशमुख, डॉ. भारत पाटणकर आणि हजारो शेतकरी त्या चळवळीत होते. कृष्णेचं पाणी उचलून आमच्याकडं आणा आणि ते समन्यायी वाटा, ही मागणी तिथून वाढत गेली. टेंभू उपसा योजनेचं पाणी आटपाडी-सांगोल्याला आलं, जिहे-कठापूर योजनेचं आंधळीत आलं, ते त्या रेट्यामुळं. मी हे पत्र लिहू शकतो ते त्या लोकांनी आधी रस्त्यावर बसून दाखवलं म्हणून, हे मला पक्कं माहीत आहे.

पण त्याच चळवळीच्या आगेमागे शेजारच्या येरळेवर जे घडलं ते मात्र प्रशासन विसरलं. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यातल्या बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीबरोबर नदीच्या वाळूवर गावाचा हक्क सांगितला. बेसुमार उपशाला विरोध केला, मोजकी वाळू स्वतः विकली आणि त्या पैशांची भर घालून बळीराजा धरण बांधलं. पाणी भूमिहीनांसकट सगळ्यांना सारखं, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. येरळाही माणगंगेसारखीच हंगामी नदी. वाळू आणि पाणी ही एकाच खात्यातली गोष्ट आहे, हे त्यांना चाळीस वर्षांपूर्वी दिसलं होतं.

कृष्णेचं पाणी आलं, आता वाळूचं काय घेऊन बसलात, असं मला तोंडावर विचारलं गेलं आहे. उलट आता तर वाळू जास्त लागणार. टेंभूसारख्या योजनांचं पाणी टप्प्याटप्प्यानं पंपांनी वर चढवावं लागतं. वीजबिलाचा एक्याऐंशी टक्के भाग सरकार भरतं, एकोणीस टक्के शेतकरी. इतक्या महागाचं पाणी पात्रात सोडलं जातं तेव्हा खाली वाळू असेल तर ते जिरून काठाच्या विहिरींना महिनोन् महिने पुरतं. वाळू खरवडून मुरूम आणि खडक उघडा पडला असेल तर ते घसरत पुढच्या बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथं साचतं, आणि उन्हात उडतं. म्हणजे विजेवर चढवलेलं पाणी आपण आकाशाला देतो. त्यातून उरतं त्यावर काठानं ऊस वाढतोय. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे, पण माणच्या काठी ऊस बघून मला आनंद होत नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

वाळू गेलेल्या जागी काय येतं तेही तुम्ही दौऱ्यात पाहिलं असेल. चिलार. ही वेडी बाभूळ एकदा गाळात रुजली की पात्राचा रानमळा होतो. पुराचं पाणी तिच्यात अडून काठ खातं. ऑक्टोबर २०२० च्या पावसात माणगंगेला पूर आला तेव्हा कित्येकांना नदीची खरी रुंदी पहिल्यांदा कळली. वर्षानुवर्षं पाणी दिसलं नाही की पात्राच्या कडेला आधी उकिरडा येतो, मग गोठा, मग पक्कं बांधकाम. नदीला मात्र आपली हद्द तोंडपाठ असते.

वाळूचे नियम नाहीत असं नाही. २०१२ मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी तीन मीटर किंवा भूजलाची पातळी, यातलं जे वर असेल त्याच्या खाली खणायला मनाई केली आणि जिल्हा सर्वेक्षण अहवाल आणला. २०२० च्या सूचनांत पावसाळ्याआधी आणि नंतर वाळू मोजण्याची तरतूद आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड आहे, वाहन जप्ती आहे. २०२३ मध्ये सरकारनं डेपोवरून सहाशे रुपये ब्रासनं वाळू द्यायचं धोरण आणलं, २०२५ मध्ये ते बदलून पुन्हा लिलाव आणले आणि कृत्रिम वाळूवर भर दिला. या सगळ्यात वाळू म्हणजे बांधकामाचं साहित्य, इतकीच तिची ओळख आहे. तीन मीटरची मर्यादा मोठ्या, खोल वाळूच्या नदीला ठीक. जिथं मुळात दीड-दोन मीटरच वाळू आहे तिथं ही मर्यादा पाळूनही पात्र खडकापर्यंत साफ होतं, आणि कागदावर सगळं नियमात राहतं. मे महिन्यात मोजलं तर पाण्याची पातळीही खाली गेलेली, म्हणजे तोही अडसर नाही.

घरकुलवाल्याला पाच ब्रास मोफत वाळू मिळावी, याला माझा विरोध नाही. गरिबाच्या घरावर नदी वाचवायची नाही. त्या घराला क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू द्या, तलावात साचलेला गाळ-वाळू उपसून द्या. राजेवाडीच्या फुगवट्यात आणि बंधाऱ्यांच्या पाठीमागं साचलेली वाळू काढली तर साठवणही वाढेल आणि गरजही भागेल. फक्त मोकळ्या, वाहत्या पात्राला हात लावू नका.

आता मागणं. तिघांनी मिळून माणगंगेचा एकच सर्वेक्षण अहवाल करावा, कुळकजाई ते सरकोली. तीन जिल्ह्यांचे तीन अहवाल शेजारी ठेवून शिवलेला नको. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची माणसं बरोबर घ्यावीत आणि दर गावाच्या शिवारात वाळूचा थर किती खोल आहे, खाली खडक आहे की मुरूम, हे मोजावं. जिथं थर दोन मीटरहून कमी तिथं लिलाव कायमचा बंद. जिथं परवानगी द्याल तिथं आदेशात ब्रासशेजारी लिटरचा रकाना असावा, म्हणजे ग्रामसभेला आपण काय देतोय ते समजेल. आमच्या गावातली माणसं लिटरचा आकडा बघून हात वर करतील की नाही ते मला सांगता येत नाही, पण न बघता तरी करणार नाहीत.

दुसरं, उपसा योजनांचं पाणी पात्रात सोडण्याचं वेळापत्रक तीन जिल्ह्यांनी एकत्र ठरवावं आणि ते आधी जाहीर व्हावं. वरच्या बंधाऱ्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, परतीच्या पावसानंतर वेळेवर बसावेत. दरवर्षी बर्गे कुठं आहेत याचा शोध पाणी निघून गेल्यावर सुरू होतो. पुराच्या भीतीनं उशीर करायचा आणि मग रबरी सील नाही म्हणून गळती बघत बसायची, हे थांबवणं पैशांचं नव्हे, नुसत्या तारखेचं काम आहे.

तिसरं, खोलीकरणाच्या नावाखाली पात्रात पोकलेन उतरवू नये. ओढ्यात गाळ असेल तर काढा. वाळू असेल तर ते खोलीकरण नसतं, उपसा असतो. आणि २००९ च्या भूजल कायद्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत, ती काठाच्या पट्ट्यात तरी पाळली जावीत. वरून पेव भरायचं आणि खालून पाचशे फुटांच्या बोअरनं ओढायचं, यात कुठलीच वाळू पुरणार नाही.

मोजणीला फार खर्च नाही. मे महिन्यात पात्र कोरडं असतं, लांब सळई आणि फीत घेऊन गावातली पोरं दोन दिवसांत आपल्या शिवाराचा थर मोजून देतील. खात्याचा एक माणूस बरोबर असला की नोंद ग्राह्य धरता येईल. हे काम पुढच्या लिलावाची जाहिरात निघण्याआधी व्हावं आणि तोवर माणगंगेवरचा कुठलाही नवा वाळूगट मंजूर होऊ नये, एवढी लेखी हमी तिन्ही कार्यालयांकडून मिळावी, ही विनंती.

कळावे,

आपला नम्र,
माणगंगाकाठचा एक शेतकरी